हेल्मेट काढा, हिजाब दिसत नाहीये

पत्र: मी स्थापत्य अभियंता आहे. जुन्या पुलांची तपासणी आणि दुरुस्ती हे माझं काम. मी डोक्याला स्कार्फ बांधते, चेहरा उघडा असतो. मध्यंतरी आमच्या तुकडीला एका पुलाच्या कामाबद्दल पुरस्कार मिळाला आणि एका वर्तमानपत्राची बातमीदार भेटायला आली. पुलाचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, जॅकवर उचलून आम्ही तो जिच्यावर टेकतो ती खालची बेअरिंग कशी बदलली, हे मी तिला तासभर समजावून सांगितलं. फोटोच्या वेळी फोटोग्राफर म्हणाला, 'मॅडम, हेल्मेट काढा, हिजाब नीट दिसत नाहीये.' मी काढलं. छापून आलं ते 'पडद्याआडून पुलापर्यंत'. पुलाबद्दल दोन वाक्यं, बाकी सगळं वडिलांचा विरोध पत्करून मी कशी शिकले याबद्दल. विरोध झालाच नव्हता. या शाखेला मला वडिलांनीच घातलं. सगळे म्हणतात, एवढं कौतुक झालं, तुझं बिघडलं काय? माझी मोठी बहीणही अभियंता आहे. ती स्कार्फ बांधत नाही, तिला कुणी काही विचारत नाही. आता एका वाहिनीने 'हिजाब: निवड की सक्ती?' या चर्चेला बोलावलंय. नवरा म्हणतो जा, आई म्हणते भानगडीत पडू नकोस. 'इराणमधल्या बायका हिजाब जाळतायत, मग तुम्ही का घालता?' असं विचारलं तर काय सांगू? आणखी एका मासिकालाही मुलाखत हवी आहे. देऊ का?

उत्तर:

ताई,

टीका झाली असती तर सोपं होतं. चार माणसं तुमच्या बाजूने उभी राहिली असती, राग कुणावर काढायचा तेही कळलं असतं. कौतुकात काही खुपलं की खुपलं म्हणणाराच कृतघ्न ठरतो. म्हणून आधी एवढं सांगून टाकते, की तुम्ही उगाच मनाला लावून घेतलेलं नाही.

एक करून बघा. ती बातमी समोर घ्या आणि तिच्यातून पूल काढून टाका. काही अडतं का? पुलाच्या जागी विमान घाला, शस्त्रक्रियेची खोली घाला, बुद्धिबळाचा पट घाला. मथळ्यातला एक शब्द बदलेल, मजकूर तसाच चालेल. आता स्कार्फ काढून टाका. काहीच उरत नाही. तुमच्या कामाच्या जागी दुसरं कुठलंही काम चालतं आणि डोक्यावरच्या कापडाला मात्र पर्याय नाही, अशी ती बातमी आहे. एरवी छापून येणारी 'बिचारी' आणि तुमच्या वाट्याला आलेली 'बंडखोर' या दोघी एकाच साच्यातल्या. पहिलीला कापडाने अडवलं, दुसरी कापड असून निसटली. घरचा पुरुष दोन्हीकडे खलनायक. वडिलांनीच तुम्हाला या शाखेला घातलं, हे तुम्ही सांगितलंच असणार. ते छापलं गेलं नाही, कारण ते त्या गोष्टीत बसत नव्हतं.

मी काही वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली आहेत. तिथे कुणी कट रचून बसलेलं नसतं. पानं सोडायची वेळ झालेली असते, बातमीला फोटो नसतो आणि उपसंपादक फोटोंच्या संग्रहात 'मुस्लिम महिला' असे दोन शब्द टाकतो. समोर येतात पाठमोऱ्या काळ्या आकृत्या, जाळीतून दिसणारे डोळे, भिंतीच्या कडेने जाणारी एकटी बाई, तीही लांबून टिपलेली, बहुधा तिला न विचारता. बातमी तलाकच्या कायद्याची असो, मतदानाची असो की परीक्षेच्या निकालाची, त्यातलाच एक फोटो उचलला जातो. स्कार्फ बांधून बँकेत हिशेब करणारी बाई त्या संग्रहात सापडत नाही, कारण तिचा फोटो काढायला कुणाला पाठवलेलंच नसतं. वाद डोक्यावरच्या स्कार्फचा चाललेला असतो आणि फोटो डोळ्यांपुरती फट ठेवणाऱ्या नकाबचा लागतो, तेव्हाही फारसं कुणी हटकत नाही. यात द्वेष कमी आणि घाई जास्त असते, पण परिणामात फार फरक पडत नाही. एकदा संग्रहात गेलेला फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो. तुमचाही आता तिथे आहे.

चौकट कशी आखली जाते, याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१६च्या रिओ ऑलिंपिकमधलं. बीच व्हॉलीबॉल, इजिप्त विरुद्ध जर्मनी. जाळ्याच्या एका बाजूला दुआ अल-घोबाशी, डोक्याला हिजाब, हातपाय पूर्ण झाकलेले. दुसऱ्या बाजूला बिकिनीतली जर्मन खेळाडू. दोघी चेंडूसाठी जाळ्यावर झेपावलेल्या. रॉयटर्सच्या छायाचित्रकाराने टिपलेला तो क्षण जगभर छापला गेला आणि खाली 'संस्कृतींची टक्कर' छापाच्या ओळी आल्या. फोटो म्हणून उत्तमच आहे तो. पण बीच व्हॉलीबॉल दोघींच्या जोडीने खेळतात, आणि दुआची जोडीदार नादा मेअवाद त्याच सामन्यात, त्याच इजिप्तकडून, डोक्यावर काही न घेता खेळत होती. ती चौकटीत आली असती तर टक्कर कुणाची आणि कुणाशी, हे लिहिणाऱ्याला सांगता आलं नसतं. इजिप्तच्या महिला या खेळात ऑलिंपिकला पहिल्यांदाच उतरल्या होत्या. ही खरी खेळाच्या पानाची बातमी, ती आज कुणाला आठवते?

जाता जाता, बिकिनीलाही नियमावली होती. बाह्या आणि शॉर्ट्स घालून खेळायची सरसकट मुभा आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाने दिली ती २०१२ मध्ये. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल खेळाडूंनी बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून युरोपीय महासंघाने संघाला १,५०० युरो दंड ठोठावला होता. रिओच्या त्या फोटोखाली मात्र पेहरावाचं बंधन फक्त इजिप्तच्या बाजूला दिसलं.

त्याच ऑलिंपिकमधल्या अमेरिकेच्या दोन मुस्लिम खेळाडू घ्या. तलवारबाज इब्तिहाज मुहम्मद ही हिजाब घालून ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून उतरलेली पहिली खेळाडू. सेबर या तलवारीच्या सांघिक स्पर्धेत तिला कांस्य मिळालं. दलिला मुहम्मदने ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण जिंकलं. या शर्यतीत सुवर्ण मिळवणारी ती पहिली अमेरिकी महिला. 'मुस्लिम खेळाडू' म्हणून कौतुकाचा वर्षाव झाला तो मुख्यतः इब्तिहाजवर. दलिलाच्या डोक्यावर काही नव्हतं, त्यामुळे कॅमेऱ्याच्या लेखी ती मुस्लिम नव्हतीच. तुमच्या बहिणीला कुणी काही विचारत नाही त्याचं कारण हे. तुम्ही तिच्यावर थोड्या रुसल्या आहात असं पत्रातून जाणवलं, तर तसं करू नका. तुमचा स्कार्फ तेवढा मोजला जातो आणि तिची तर गणतीच होत नाही. आणि मग मुस्लिम बाई म्हणजे स्कार्फवालीच, हे समीकरण आणखी घट्ट होतं.

ही सवय आजची नाही. १८८३ ते १९०७ या काळात इजिप्तमध्ये ब्रिटिशांचे सर्वेसर्वा असलेले लॉर्ड क्रोमर तिथल्या बायकांच्या पडद्याबद्दल मोठ्या कळवळ्याने लिहीत. मायदेशी परतल्यावर हेच गृहस्थ ब्रिटिश बायकांना मतदानाचा हक्क मिळू नये म्हणून झटणाऱ्या पुरुषांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. पडदा खुपतो म्हणणाऱ्याला बाईची काळजी असतेच असं नाही, हे पटायला एवढा एक माणूस पुरे.

आता इराण. हा प्रश्न झटकून टाकू नका, विचारणाऱ्याचा हेतू काहीही असला तरी प्रश्न खरा आहे. २२ वर्षांची महसा अमिनी हिजाब नीट नाही म्हणून पकडली गेली आणि १६ सप्टेंबर २०२२ रोजी मरण पावली. त्यानंतर ज्या बायकांनी रस्त्यात स्कार्फ जाळले, केस कापले, त्यांनी जीव पणाला लावला होता. त्यांना कमी लेखणारं एक वाक्यही तुमच्या तोंडून जाऊ नये. पण त्याच देशाचा मागचा इतिहास वाहिनीवर कुणी सांगणार नाही, तो तुम्हाला माहीत असलेला बरा. १९३६ मध्ये इराणचा तेव्हाचा राजा रेझा शाह याने पडद्यावरच बंदी घातली. पोलीस भर रस्त्यात बायकांच्या डोक्यावरचं कापड ओढून काढत, आणि कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९च्या क्रांतीनंतर उलट्या सक्तीची चाहूल लागली तेव्हा ८ मार्चला तेहरानमध्ये हजारो बायका निषेधाला उतरल्या. १९८३ मध्ये सक्तीचा कायदा आलाच, आणि न पाळणारीला फटके. आधी 'काढा', मग 'घाला'. बायकांना दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

महसा गेली त्याच वर्षी, फेब्रुवारीत, कर्नाटकात मुलींना हिजाबमुळे कॉलेजच्या फाटकावर अडवलं जात होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १३ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. फ्रान्सच्या सरकारी शाळांत तर २००४ पासून बंदीच आहे. तेहरानची मुलगी ज्यांना शूर वाटते त्यांतल्या अनेकांना फाटकावरची मुलगी हट्टी वाटते. फाटकावरच्या मुलीसाठी गळा काढणाऱ्या काहींना तेहरानची मुलगी परक्यांची हस्तक वाटते. मुली दोन्हीकडे एकच गोष्ट मागत होत्या.

तेव्हा कुणी विचारलंच तर एवढं म्हणा: 'माझ्या डोक्यावर काय असावं ते मी ठरवते. इराणमधल्या बायकांनाही तेच हवंय, म्हणून मी त्यांच्या बाजूने आहे.' आणि थांबा. 'का घालता' या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुणालाही देणं लागत नाही. श्रद्धा असेल, सवय असेल, आई बांधते म्हणून असेल, किंवा रोज सकाळी कारण बदलत असेल. कुंकू का लावता, पगडी का बांधता, टाय का लावता, याची फोड करून सांगा असं कॅमेऱ्यासमोर कुणाला बसवून विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

एक मात्र विसरू नका. घरातून सक्ती होणाऱ्या मुली आहेत, आणि त्यांच्या बातम्या यायलाच हव्यात. तुमच्यावर झालेल्या बातमीचा राग त्या बातम्यांवर निघायला नको. माझी तक्रार आहे ती अशी, की त्या बातम्यांतही मुलगी स्वतः कमी बोलते आणि तिच्याबद्दल बोलणारे जास्त. महसाची बातमी जगाला कळली ती कुणामुळे, हे बघा. 'शर्ग' या दैनिकाची निलुफर हमेदी महसा होती त्या रुग्णालयात पोहोचली म्हणून. 'हममिहन'ची इलाहे मोहम्मदी अंत्यविधीच्या वेळी महसाच्या गावी, साकेझला गेली म्हणून. दोघींना अटक झाली, २०२३ मध्ये त्यांना युनेस्कोचा पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला तेव्हाही त्या तुरुंगातच होत्या, आणि जामीन मिळाला तो जानेवारी २०२४ मध्ये. कायद्याने स्कार्फ बांधावा लागणाऱ्या बायकांनीच ही बातमी आणली. इराणवरच्या चर्चेत त्यांची नावं किती वेळा ऐकलीत?

वाहिनीच्या चर्चेला जाऊ नका. आईशी मी सहमत आहे, कारण वेगळं आहे. विषयाच्या शीर्षकातच दोन खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत आणि तुम्हाला त्यांपैकी एकीवर बसावं लागेल. एका चौकोनात मौलाना, दुसऱ्यात पक्षाचा प्रवक्ता, तिसऱ्यात तुम्ही, नावाखाली बहुतेक 'हिजाबधारी अभियंता' अशी पट्टी. अर्ध्या तासात तुमच्या वाट्याला मिनिटभर आलं तर नशीब, आणि तेही कुणी तरी मध्येच तोडलेलं. ही माझी कुरकुर समजू नका. एप्रिल २०२२ मध्ये एका हिंदी वृत्तवाहिनीवर हिजाबवर अशीच चर्चा झाली. हिजाबच्या बाजूने बोलणाऱ्यांची नाळ तिथे थेट अल कायदा या दहशतवादी संघटनेच्या जवाहिरीशी जोडली गेली. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे एनबीडीएसएने, ऑक्टोबरमध्ये त्या वाहिनीला ५०,००० रुपये दंड केला. पण ज्या पाहुण्यांना प्रेक्षकांनी त्या रात्री अतिरेक्यांच्या पंगतीला बसवलं, त्यांच्यापर्यंत तो दंड कसा पोहोचणार?

नवऱ्याचं म्हणणंही मला कळतं. आपण गेलो नाही तर खुर्ची रिकामी राहत नाही, दुसरं कुणी तरी बसतं. खरं आहे. पण ज्या चर्चेत जिंकायचीच सोय नाही तिथे आपली बाजू मांडली जात नाही, आपण वापरले जातो. जुन्या पुलांची अवस्था या विषयावर त्यांनी बोलावलं तर मात्र धावत जा.

मासिकाला मुलाखत द्या. मात्र हो म्हणण्याआधी फोनवरच विचारून घ्या, लेख कशाबद्दल आहे. 'तुमच्या प्रवासाबद्दल' असं गुळमुळीत उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचारा: तुकडीतल्या बाकीच्यांशीही बोलणार आहात का? पुलाचं काम छापायचं असेल तर बोलावंच लागतं. नसेल बोलायचं तर तुम्हाला काय ते कळलं. मजकूर छापण्याआधी दाखवा, असं म्हणू नका. चांगली मासिकं ते मान्य करत नाहीत आणि करूही नये. तुमच्या तोंडची वाक्यं आणि तांत्रिक तपशील तेवढे तपासायला मागा, ते रास्त आहे. बेअरिंग म्हणजे काय आणि ती बदलणं अवघड का, हे दोन परिच्छेदांत लिहूनच हातात द्या, नाही तर ध चा मा होतोच. घरच्या विरोधाचा प्रश्न आला की हसून विचारा, 'हे तुम्ही माझ्या पुरुष सहकाऱ्यालाही विचारलंत ना?' चांगली बातमीदार असेल तर ती वही मिटणार नाही, पान उलटेल.

फोटो कामाच्या जागेवरचा, कामाच्या पोशाखातला. साइटवर अभियंत्याने हेल्मेट घालायचं असतं, आणि स्कार्फ त्याच्या आत असतो तसा असू द्या, दिसेल तेवढा दिसेल. फोटोखालची ओळ त्यांच्याकडून लिहून घ्या किंवा स्वतः लिहून द्या. ही किरकोळ बाब वाटते, पण २०१९ मध्ये अमेरिकेतल्या 'व्होग'ने पत्रकार नूर तागौरीचा फोटो छापला आणि खाली नूर बुखारी या पाकिस्तानी अभिनेत्रीचं नाव घातलं. बिचारी तागौरी अंक उघडतानाचा आनंद टिपायला कॅमेरा लावून बसली होती. एवढ्या नामांकित मासिकात अशी चूक होते, तर घाईच्या डेस्कवर काय होत असेल? हाच फोटो पुढे दुसऱ्या विषयाला वापरणार नाही, असं ईमेलवर कबूल करून घ्या. ते नेहमी पाळलं जाईलच असं नाही, पण पाळलं गेलं नाही तर दाखवायला कागद राहतो.

तक्रारीकडून फार मोठ्या अपेक्षा ठेवू नका. २०१६ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात गर्दीत ट्रक घुसवून माणसं मारली गेली, त्या बातम्या ब्रिटनच्या चॅनल ४ वर फातिमा मांजीने दिल्या. ती हिजाब बांधते. 'द सन' या ब्रिटिश दैनिकाच्या एका स्तंभलेखकाने लिहिलं, की अशा दिवशी हिजाबवाली बाई पडद्यावर बसवणं योग्य होतं का. हजारावर तक्रारी गेल्या. ब्रिटनच्या प्रेस नियामक संस्थेने निकाल दिला, की स्तंभात नियमभंग नाही. मत कितीही कुजकं असलं तरी ते मत म्हणून सुटतं. वस्तुस्थितीची चूक तशी सुटत नाही, आणि तुमच्या बातमीत ती आहे.

'पडद्याआडून' या मथळ्यावर भांडू नका, ते मत आहे. फोटोवरही नको, हेल्मेट तुम्ही स्वतः काढलंत असं म्हणून ते मोकळे होतील. 'वडिलांचा विरोध पत्करून' हे वाक्य मात्र खोटं आहे, आणि त्यावर दुरुस्ती मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. संपादकांना ईमेल करा, बातमीदाराला प्रत ठेवा. तारीख, पान, चुकीचं वाक्य, बरोबर माहिती, एवढंच. भावना नको, आभारही नकोत. छापील अंकात दुरुस्ती आणि संकेतस्थळावर मजकुरात बदल, दोन्ही मागा, कारण पुढचा बातमीदार तुमच्याबद्दल वाचेल ते तिथेच. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा.

आणि पाठवण्याआधी ते वडिलांना दाखवा. खोटं त्यांच्या नावावर छापलं गेलंय. त्यांना स्वतःच्या सहीने लिहायचं असेल तर ईमेल त्यांच्याकडूनच जाऊ द्या.